टोपणातली चकती

आजी जाऊन पाच आठवडे झाले तेव्हा आईने मला एक पान लिहायला सांगितले. रविवारी घरची माणसे जमणार होती, आजीच्या कामावरची तिची जुनी जोडीदारीणही येणार होती, आणि कुणीतरी आजीबद्दल नीट काहीतरी वाचून दाखवावे अशी आईची इच्छा होती.

"मामाला सांग," मी फोनवर म्हणाले. "त्याला हौस आहे बोलायची."

"म्हणूनच तुला सांगतेय. तो उभा राहिला की माणसं बसल्या जागी डुलक्या काढतात. तू मुद्द्याचं लिहितेस."

मुद्द्याचे लिहिणे हा माझा पेशा आहे. मी पाण्याच्या तपासणीचे अहवाल लिहिते, आणि एका पानाला मला साधारण चाळीस मिनिटे लागतात. या पानाला नऊ दिवस लागले.

अडचण एकाच परिच्छेदाची होती. आजीने एका संशोधन संस्थेत एकतीस वर्षे प्रयोगशाळेचे काचसामान धुतले, हे घरात सर्वांना ठाऊक होते. नोकरीच्या अखेरीस तिला त्या कामावरून हलवून जिने पुसायला लावले, हेही ठाऊक होते. तिचे वय झाले होते, तिच्या हातून साबण नीट निघेनासा झाला होता, असे सगळे धरून चालत. हा समज चुकीचा होता. तो चुकीचा आहे हे फक्त मला माहीत होते आणि एकवीस वर्षांत मी ते कुणाला सांगितले नव्हते.

बाकीचे आयुष्य सांगायला तसे सोपे आहे. आजोबा गेले तेव्हा आजी एकोणतीस वर्षांची होती. पदरात आई आणि मामा. तिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. संस्थेत तिला घेतले ते झाडलोटीसाठी, पण तिसऱ्याच महिन्यात काचसामान धुणारी बाई आजारी पडली आणि आजीला आठ दिवसांपुरते तिच्या जागी उभे केले. ते आठ दिवस एकतीस वर्षे चालले. पहाटे उठून ती घरचा स्वयंपाक उरकायची, मुलांच्या वेण्या-बटणे-दप्तरे बघायची आणि साडेतीन किलोमीटर चालत कामावर जायची. बसमध्ये तिला मळमळत असे, आणि मळमळत बसायला तिच्याकडे वेळ नव्हता.

पुढे आई इस्पितळात परिचारिका झाली, बाबांची नोकरी फिरतीची होती, आणि मी आजीच्या वाट्याला आले. शाळा सुटली की मी थेट तिच्या धुण्याच्या खोलीत जाऊन एका पालथ्या खोक्यावर बसत असे. दोन खोल टाक्या, त्यांवर लांब मानेचे नळ, भिंतीवर लाकडी खुंट्यांची फळी आणि त्या खुंट्यांवर उलटे टांगलेले फ्लास्क. कोपऱ्यात काच वाळवायचा ओव्हन होता. पाऊस असेल त्या दिवशी माझे ओले मोजे त्या ओव्हनमध्ये वाळत. हे पूर्णपणे नियमबाह्य होते. आजीची जोडीदारीण दारात पहारा देई. तिला सगळे चिमणी म्हणत, कारण तिचे तोंड दिवसभर मिटत नसे.

"साहेब आले तर काय सांगायचं गं?" चिमणी विचारायची.

"सांग, प्रयोग चाललाय," आजी म्हणायची. "पोरीच्या पायाचा."

आजीची धुण्याची पद्धत मला आजही तोंडपाठ आहे. आधी साबणाचे पाणी आणि ब्रश, मग नळाचे पाणी पाच वेळा, मग डिस्टिल्ड पाणी तीन वेळा. त्यानंतर ती फ्लास्क खिडकीकडे धरून बघे. स्वच्छ काचेवरून पाणी अखंड पापुद्र्यासारखे उतरते. कुठे काही चिकटलेले असेल तर तो पापुद्रा तिथे तुटतो आणि थेंब उरतात. "फाटलं," असे म्हणून ती तो फ्लास्क पुन्हा पहिल्या टाकीत टाकायची. संस्थेने हातमोजे दिले होते, पण मोज्यातून काच हाताला कळत नाही म्हणून ती ते घालत नसे. हिवाळ्यात तिच्या बोटांना भेगा पडत, तेव्हा ती त्यांवर सुती पट्ट्या गुंडाळायची.

बाटल्यांच्या टोपणांत आतून एक पातळ चकती बसवलेली असते. आजी ती टाचणीने उचकून काढी. टोपण वेगळे धुई, चकती वेगळी. हे तिला कुणी शिकवलेले नव्हते.

"एवढं कोण बघतंय?" चिमणी कुरकुरायची.

"कोणी बघत नाही तिथंच तर बसून राहतं सगळं," आजी म्हणायची आणि पुढची चकती उचकायची.

चोविसाव्या वर्षी मी त्याच संस्थेत संशोधनासाठी दाखल झाले. मी दुसऱ्या मजल्यावर, आजी तळमजल्यावर. माझे वापरलेले फ्लास्क संध्याकाळी खाली जात आणि सकाळी लखलखीत होऊन वर येत. पहिल्याच आठवड्यात मी तिला गमतीने म्हणाले की माझ्या सामानावर निळी चिकटपट्टी आहे, तेवढे जरा निगुतीने धू.

"तुझं वेगळं नाही धुणार, मास्तरीण," ती म्हणाली. लहानपणापासून मी सगळ्यांच्या चुका काढत आल्यामुळे तिने मला हे नाव ठेवले होते. "सगळं सामान कुणाच्या ना कुणाच्या नातीचंच असतं."

माझा विषय होता तळ्यांच्या पाण्यातले फॉस्फेट. पाण्यात ठरावीक रसायने घातली की फॉस्फेटच्या प्रमाणात निळा रंग येतो आणि तो यंत्राने मोजता येतो. प्रत्येक वेळी एक नळी कोरी ठेवतात, म्हणजे तिच्यात तळ्याऐवजी शुद्ध पाणी असते. ती रंगहीन राहिली पाहिजे. त्या वर्षी जानेवारीत माझी कोरी नळी निळसर होऊ लागली.

धुण्याच्या साबणात फॉस्फेट असते. कोरी नळी निळी झाली तर पहिला संशय काचेवर राहिलेल्या साबणाचा घ्यावा, असे कुठलेही पाठ्यपुस्तक सांगते. तो संशय खरा की खोटा हे तपासायची रीतही तेच पुस्तक देते: धुतलेल्या फ्लास्कमध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रातून ताजे आणलेले पाणी घोळवायचे आणि त्या पाण्याची चाचणी करायची. चार नळ्या, वीस मिनिटे.

ती चाचणी मी केली नाही. वेळ नव्हता, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आले. वेळ होता. आपण नात म्हणून आजीला वाचवू पाहतो आहोत असे कुणाला वाटू नये, याचीच मला धास्ती होती. ती धास्ती इतकी होती की कुठल्याही परक्या बाईवर ठपका ठेवण्याआधी मी जे तपासले असते, ते तिच्या बाबतीत तपासले नाही.

मी लेखी टिपण दिले: "कोऱ्या चाचणीतील वाढ काचसामानावर राहिलेल्या साबणामुळे असावी. धुण्याच्या व्यवस्थेचा फेरविचार व्हावा." बैठकीत माझ्या मार्गदर्शकांनी ते वाचून दाखवले. "घरच्या माणसालाही सोडलं नाही पोरीनं," ते म्हणाले. "याला म्हणतात शास्त्रीय वृत्ती." मला बरे वाटले. हे नोंदवणे भाग आहे: मला खरोखर बरे वाटले.

त्या संध्याकाळी आजी नेहमीच्या वेळी घरी आली, पाय धुतले आणि भाजी चिरायला बसली.

"आज मोठ्या साहेबांनी बोलावलं होतं," ती म्हणाली. "साबण राहतो म्हणाले. तू लिहून दिलंयस."

"हो."

"कशात राहिला होता गं? लांब मानेच्यात, का बुटक्यात?"

"ते असं सांगता येत नाही आजी. आकड्यांवरून कळतं."

तिने थोडा वेळ चिरणे थांबवले. एकेक प्रकारचे भांडे ती मनात फिरवून बघत असावी.

"बरं," ती म्हणाली. "तू मोजलंयस म्हणजे असेल."

सोमवारपासून तिच्याकडे जिने आले. धुण्याच्या खोलीत चिमणीच्या जोडीला दुसरी, तरुण बाई आली. पुढच्या तीन आठवड्यांत माझ्या कोऱ्या नळीचा रंग दिवसागणिक फिका होत गेला आणि मग नाहीसा झाला. कारण काढले, परिणाम गेला; याहून स्वच्छ पुरावा कुणाला हवा होता? मार्गदर्शकांनी माझ्या प्रबंधात त्यावर अर्धे पान घालायला लावले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या हातून एका बाटलीचे टोपण फरशीवर पडले आणि त्यातली चकती निसटली. चकतीखाली पांढरे कण होते.

कोऱ्या नळीसाठीचे शुद्ध पाणी मी त्याच बाटलीत भरून ठेवत असे. बाटली डिसेंबरात माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यात फॉस्फेटचेच तीव्र द्रावण होते. ती मी खाली धुवायला पाठवली नव्हती. आजीच्या बोटांना त्या आठवड्यात फार भेगा पडल्या होत्या, म्हणून तिचे एक भांडे तरी कमी करावे अशा विचाराने मी स्वतःच ती नळाखाली तीनदा खळबळली होती. टोपण काढले, धुतले, लावले. चकती उचकली नाही. द्रावण चकतीमागे झिरपून सुकले होते आणि रोज भरलेल्या पाण्यात थोडे थोडे उतरत होते. साठा संपत आला तसा रंग फिका झाला. आजीला हलवल्याचा आणि रंग जाण्याचा काळ तेवढा एक होता.

मी ती चकती ताज्या पाण्यात बुडवून चाचणी घेतली. नळी इतकी गडद निळी झाली की यंत्राची मापनपट्टी अपुरी पडली. बरोबर वीस मिनिटे लागली. मग मी नळी धुतली, चकती केराच्या डब्यात टाकली, नवी बाटली घेतली, आणि वहीत त्या दिवसाचे पान कोरे सोडले.

त्याच दिवशी जिन्यात मला आजी भेटली. ती तिसऱ्या पायरीवर ओणवी होती. "बाजूनं जा हां, ओलं आहे," ती म्हणाली. मी बाजूने गेले.

आधी वाटले, प्रबंध होऊन जाऊ दे. तो झाला, त्या अर्ध्या पानासकट. मग वाटले, आता ती निवृत्तच होणार आहे. त्या नोव्हेंबरात तीही झाली. त्यानंतर सांगायला निमित्त उरले नाही, आणि निमित्त नसणे हे न सांगण्याचे कारण म्हणून मी वापरू लागले.

घरी मात्र ते संपले नव्हते. आजी पाण्याचे साधे पेलेही तीनतीनदा धुवायची आणि खिडकीकडे धरून बघायची. मामाने त्याचा विनोद केला. कुणी काही विसरले, अर्धवट ठेवले, चहात साखर कमी पडली, की तो म्हणायचा, "साबण राहिला वाटतं." तो घरातला वाक्प्रचारच झाला. मुलांना गृहपाठावरून, बाबांना दाढीवरून, सगळ्यांना सगळ्यावरून. आजीही हसायची. मीही हसले आहे. किती वेळा, ते मोजलेले नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तिची नखे कापत होते. ती एकोणऐंशीची होती, खिडकीशी खुर्चीत बसलेली, हात माझ्या मांडीवर. बोटांच्या भेगा केव्हाच बुजल्या होत्या. त्यांच्या जागी पांढऱ्या रेघा होत्या.

"एक विचारू का गं?" ती म्हणाली. "तेव्हा काय राहिलं होतं, ते तुला पुढं कधी कळलं का?"

एकोणीस वर्षांत तिने हा प्रश्न चारपाच वेळा विचारला होता, पण इतका सरळ कधी नाही. खोलीत आम्ही दोघीच होतो. कुणाला कुठे जायचे नव्हते.

"आजी, आता काय त्याचं," मी म्हणाले. "किती जुनी गोष्ट."

"तसं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली आणि दुसरा हात पुढे केला.

पान लिहायला घेतल्यावर मी आधी तो परिच्छेद वगळून लिहिले. वाचायला चांगले झाले होते. मग शुक्रवारी, आजीच्या बदलीची तारीख पडताळायची असे स्वतःला सांगून, मी चिमणीकडे गेले. ती आता सत्तरीच्या पुढे आहे, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि अजूनही दार उघडायच्या आधीपासून बोलत असते.

"तारीख कुठली लक्षात राहायला? सोमवार होता एवढं खरं. नव्या बाईला ब्रश कुठला कशाला ते सांगता सांगता माझा घसा बसला. माझा घसा. आणि तुझी आजी रोज जेवणाच्या सुट्टीत खाली हजर."

"कशाला?"

"तुला नाही माहीत?" तिने माझ्याकडे निरखून पाहिले. "अगं, ती दोन फ्लास्क घ्यायची, आपल्या पद्धतीनं धुवायची, त्यात चांगलं पाणी घोळवायची आणि ते घेऊन तळमजल्यावरच्या त्या चष्मेवाल्या टेक्निशियनकडे जायची. म्हणायची, 'निळं होतंय का तेवढं बघा.'"

"किती दिवस?"

"दहाबारा दिवस तरी. तो बिचारा डबा बाजूला ठेवून करायचा. एकदाही निळं झालं नाही. मी म्हटलं, बाई, आता जा आणि आपट साहेबांच्या टेबलावर."

"मग?"

"मग काय, तुझी आजीच ती. म्हणाली, 'हे आजचे आहेत. त्या दिवशीचे कुठं आहेत? आज निघाला म्हणून त्या दिवशीही निघाला होता, असं मी कसं म्हणू? पोरीनं मोजलंय.' एवढंच. आणि गेली फडकं घेऊन."

अक्षरओळख नसलेल्या बाईने, जेवणाची सुट्टी मोडून, मी न केलेली चाचणी केली होती; एकदा नव्हे, दहाबारा वेळा. आणि त्यातून जेवढे निघते तेवढेच तिने काढले होते. आजच्या नमुन्यावरून कालच्या नमुन्याबद्दल छातीठोक बोलता येत नाही, हे बरोबर आहे. तिच्या विचारात एकच दुवा कच्चा होता: मी मोजले आहे, हे तिने धरून चालले. तेवढे तिने तपासले नाही.

"तिनं कधी तुला विचारलं नाही?" चिमणीने विचारले.

"विचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"रविवारी सांगते मावशी. सगळ्यांसमोर."

तिने आणखी काही विचारले नाही. तिच्या बाबतीत मी हे प्रथमच पाहत होते.

रविवारी दुपारी अकरा माणसे होती. आईने बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मामा नेहमीप्रमाणे खिडकीजवळची आरामखुर्ची अडवून बसला होता, त्याची मुलगी त्याच्या शेजारी, चिमणी दाराशी. मी उभी राहून वाचले. आजोबांचे जाणे, साडेतीन किलोमीटर, ओव्हनमधले मोजे. मोज्यांना माणसे हसली. मग मी शेवटचा परिच्छेद वाचला:

"आजीच्या धुण्यात काहीही राहिलेले नव्हते. दोष मी धुतलेल्या एका बाटलीच्या टोपणात होता. तिच्याविरुद्धचे टिपण मी कोणतीही तपासणी न करता लिहिले. खरे कारण मला दोन महिन्यांत कळले, आणि तिने विचारल्यावरही मी ते तिला सांगितले नाही. ते जाणून न घेता ती गेली."

मामेबहिणीने पुढे होऊन माझ्या दंडाला हात लावला. "अगं, आजीला कळलंच असणार," ती हळू म्हणाली. "तिला सगळं कळायचं. तिनं केव्हाच माफ केलं असेल."

"तसा काही पुरावा नाही," मी म्हणाले. "कळलं नव्हतं, असाच आहे."

आई माझ्याकडे पाहत नव्हती. ती हाताने मांडीवरची साडी सारखी करत होती.

"दोन महिन्यांत म्हणजे कधी?"

"मार्चमध्ये. त्याच वर्षी."

"तेव्हा ती कामावर होती."

"हो. पुढं आठ महिने होती."

"जिने पुसत."

"हो."

"गुडघे गेले तिचे त्या जिन्यांवर," चिमणी म्हणाली. कुणाला उद्देशून ते कळले नाही.

आईने मान हलवली, जणू एखाद्या रुग्णाच्या तक्त्यावरचा आकडा वाचून तो पटला असावा. ती रडली असती तर मला काय करायचे ते ठाऊक होते. ती रडली नाही.

खिडकीपाशी मामा प्रसन्न चेहऱ्याने बसला होता. गेली काही वर्षे त्याला कमी ऐकू येते आणि यंत्र लावायचा त्याला कंटाळा आहे. सगळे गप्प झालेले पाहून त्याला वाचन रंगले असे वाटले होते.

"छान लिहिलंस हो," तो मोठ्याने म्हणाला. "शेवटी ते साबणाचं आलं ना? आलंच पाहिजे. त्याच्याशिवाय आईची गोष्ट पुरी नाही व्हायची." आणि तो हसायच्या तयारीने सगळ्यांकडे बघू लागला.

त्याची मुलगी त्याच्या कानाशी वाकली. आईने तिला हातानेच थांबवले.

"तू नको," ती म्हणाली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "त्याला ऐकू गेलं नाही. जवळ जा आणि पुन्हा वाच. सावकाश वाच."

मी खुर्ची मामाच्या उजव्या कानाशी ओढली, पान वर धरले, आणि परिच्छेदाच्या पहिल्या शब्दापासून, मोठ्याने, वाचायला सुरुवात केली.